अमॅरिलिसच्या नव्या संकरित जाती : यंदा तुमच्याकडे काय फुललं?

सोनटक्का

बागकामाच्या धाग्यांवर गुलाब, जास्वंद, अडेनियम यांच्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. अमॅरिलिस मात्र दर मार्च-एप्रिलला दोन-चार फोटोंपुरतं येतं, खाली 'वा, सुरेख!' पडतं आणि विषय मिटतो. या फुलाच्या नव्या जातींवर नीट बोलायचं कधीचं मनात होतं, म्हणून हा वेगळा धागा.

आपली या फुलाशी जुनी ओळख आहे ती केशरी-लाल, घशाशी हिरवट-पांढरी चांदणी असलेल्या लिलीची. कोकणात, घाटावर, जुन्या वाड्यांच्या परसात, कुठेही ती कुणी मुद्दाम न लावता वाढत असते. नंतर नर्सरीत 'रेड लायन', 'अ‍ॅपल ब्लॉसम', 'मिनर्व्हा' मिळू लागले. आता कालिम्पाँगहून आणि हॉलंडहून येणाऱ्या कंदांमुळे पुण्या-मुंबईतही अशी फुलं दिसतात की पहिल्यांदा बघणाऱ्याला हे अमॅरिलिस आहे हे सांगावं लागतं.

माझं सांगणं असं की नवी जात बघताना रंगापाशी थांबू नका. त्या फुलात कोणती रानजात डोकावते आहे ते शोधा. आत्ता माझ्या गच्चीत 'पॅपिलिओ' उमललंय. ही मूळची रानजातच, ब्राझीलच्या अटलांटिक किनारपट्टीवरच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन १९७० साली केलं, म्हणजे फुलझाडांच्या हिशेबात अगदी अलीकडे. पाकळीची जमीन हिरवट मोतिया आणि तिच्यावर देठाकडून टोकाकडे जाणाऱ्या गडद मरून रेघा. रेघा सलग नाहीत. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना बारीक फाटे फुटतात आणि कडेपर्यंत पोचता पोचता विरून जातात. वरची पाकळी रुंद आणि सर्वांत जास्त रंगलेली, खालची अरुंद आणि फिकट. आता 'एक्झॉटिक स्टार'सारखी नवी संकरित जात शेजारी ठेवून पाहा. तेच फाटे, तीच हिरवट झाक लगेच सापडते. एकदा ही खूण पटली की नर्सरीत हिंडायची मजाच वेगळी.

तुमच्याकडे काय काय फुललंय? फोटो टाकाच, पण सोबत दोन ओळी लिहा.

कवडसा

सोनटक्काताई, धागा काढलात हे फार बरं केलंत.

माझ्याकडे यंदा 'ला पाझ' फुललंय, म्हणून त्याबद्दल लिहिते. कळी फुटली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पाणी कमी पडलं का याला?" कारण पाकळ्या अगदी निमुळत्या, कडेला लाल, मध्ये हिरवट-पांढऱ्या, आणि टोकाला मागे वळलेल्या. पुंकेसर पाकळ्यांच्याही पुढे लांब बाहेर आलेले. भरगच्च अमॅरिलिसची सवय झालेल्या डोळ्यांना हे फूल सुकल्यासारखं वाटतं खरं. दुसऱ्या दिवशी सगळी फुलं उघडली आणि त्याच काकू खुर्ची ओढून समोर बसल्या.

या सगळ्या 'स्पायडर' प्रकारच्या जाती बोलिव्हियातल्या 'सिबिस्टर' नावाच्या रानजातीपासून निघाल्या आहेत. 'चिको' तिच्यातलीच, आणखी बारीक पाकळ्यांची आणि गडद. 'एव्हरग्रीन' नावाप्रमाणे पोपटी. हिरवं फूल कोण लावणार, असं म्हणणाऱ्यांनी ती एकदा सकाळच्या कोवळ्या उन्हात बघावी.

मृद्गंध_नाशिक

मी जरा वेगळं मत मांडतो. मला डबल, म्हणजे पाकळ्यांचे अनेक थर असलेल्या, जाती फार आवडतात आणि इथे अजून कुणी त्यांचं नाव काढलेलं नाही. 'डान्सिंग क्वीन' पांढऱ्यावर लाल फराटे मारलेली, 'अ‍ॅफ्रोडाइट'च्या कडांना गुलाबी झाक, 'डबल किंग' नखशिखांत लाल. एका दांड्यावर अशी चार फुलं आली की दुसरं काही बघवत नाही.

कवडसा

मृद्गंधदादा, आवडनिवड ज्याची त्याची, पण डबलमध्ये मला फुलाचा आकार हरवल्यासारखा वाटतो. अमॅरिलिसचं सौंदर्य त्या सहा पाकळ्यांच्या मांडणीत आणि खाली झुकून टोकाशी वर वळणाऱ्या पुंकेसरांत आहे. डबलमध्ये पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात, मग उरतं काय?

मृद्गंध_नाशिक

पाकळ्यांचे थर उरतात की! 'एल्व्हास' जवळून बघा. आतल्या प्रत्येक पाकळीच्या कडेला वेगळा लाल कुंचला फिरलेला असतो, दोन फुलं सारखी नसतात. आणि टिकायलाही डबल बरी. माझ्याकडे सिंगल फुलं कोमेजली तरी शेजारचं डबल दिमाखात उभं असतं. वजनाने दांडा कलतो हे मान्य. बांबूची कामटी लावा आणि सुतळी सैल बांधा.

दप्तरदार

दोघांचंही बरोबर आहे, आणि या दोन्ही टोकांपर्यंत फूल कसं आलं तो इतिहास सुंदर आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिला नोंदलेला संकर १७९९ सालचा. तो केला इंग्लंडात, लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावच्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने. त्याने 'व्हिटॅटम' आणि 'रेजिने' या दोन दक्षिण अमेरिकी रानजातींचा संकर केला. एकीचे पांढऱ्यावर लाल पट्टे, दुसरी लाल आणि मध्ये चांदणी. त्यातून निघालं ते लाल फूल, प्रत्येक पाकळीच्या मधोमध पांढरी रेघ. त्याचे कंद त्याने लिव्हरपूलच्या वनस्पती उद्यानालाही दिले आणि तिथून ते पसरलं. आज त्याला 'जॉन्सोनी' म्हणतात. सव्वादोनशे वर्षं होऊन गेली, तरी उष्ण प्रदेशात इतकं चिवट अमॅरिलिस क्वचितच सापडतं. दिवसभर घड्याळांची बारीक चाकं हाताळणाऱ्या माणसाने परागाची बारीक कामं करावीत, हे मला फार जुळणारं वाटतं.

पण ही सुरुवातीची फुलं कर्ण्यासारखी, लांबोडी होती. आज आपण बघतो ती ताटाएवढी, गोल, समोर तोंड करून उघडणारी फुलं आली ती १८६०च्या दशकानंतर. व्हीच या प्रसिद्ध इंग्रज रोपवाटिकेसाठी रिचर्ड पिअर्स हा वनस्पतीसंग्राहक अँडीजच्या भागात हिंडत होता. त्याने 'लिओपोल्डी' आणि 'पार्डिनम' या रानजाती युरोपात पाठवल्या. लिओपोल्डीचं फूल मोठं, रुंद पाकळ्यांचं आणि समतोल. तिचं रक्त आलं आणि अमॅरिलिसचा चेहराच पालटला. पुढे डच लोकांनी हे काम हाती घेतलं ते आजतागायत.

गंमत बघा, शंभर-दीडशे वर्षं सगळी खटपट फूल मोठं, गोल आणि भरीव करण्याची चालली. आता पॅपिलिओ आणि सिबिस्टरच्या रूपाने पैदासकार पुन्हा रानाकडे वळलेत, कारण गोल लाल फुलात नवीन करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. कवडसा आणि मृद्गंध यांच्यातला वाद म्हणजे या दोन काळांमधला वाद आहे.

सोनटक्का

दप्तरदारकाका, किती छान लिहिलंत! ही पोस्ट मी उतरवून ठेवतेय.

नवी_पालवी

मी या छंदात अगदी नवी आहे. ऑनलाइन निळ्या अमॅरिलिसचे कंद दिसले, फोटोत अगदी गर्द निळं फूल आहे. आणि शंभर बियांचं पाकीटही आहे, सात रंगांचं. घेऊ का?

मृद्गंध_नाशिक

घेऊ नका! गर्द निळं अमॅरिलिस अस्तित्वात नाही. ते फोटो संगणकावर रंगवलेले असतात. माझ्या बहिणीने असेच कंद मागवले होते, दोन वर्षं निगुतीने सांभाळले आणि फुललं ते साधं लाल. तक्रार केली तर विक्रेत्याने उत्तरही दिलं नाही.

दप्तरदार

निळ्याच्या जवळ जाणारी एक नातेवाईक आहे, वर्सलेया. ब्राझीलमध्ये पेट्रोपोलिसजवळच्या डोंगरांत, उभ्या खडकांवर वाढते. फूल जांभळट-निळसर, पानं विळ्यासारखी वाकलेली. पण ती वेगळी प्रजाती आहे, वाढवायला महाकठीण आणि फुलायला अनेक वर्षं घेते. शे-दोनशे रुपयांत तिचा कंद मिळणं शक्यच नाही.

बियांचंही सांगतो. अमॅरिलिसचं बी बोंडातून निघाल्यावर जितकं ताजं पेराल तितकं चांगलं रुजतं, जुनं झालं की रुजण्याची शक्यता झपाट्याने घटते. शिवाय संकरित झाडाच्या बियांतून आईसारखंच फूल येत नाही, त्यामुळे पाकिटावर रंगाची हमी देणाऱ्याचं ऐकू नये.

नवी_पालवी

खूप खूप धन्यवाद, पैसे वाचले. मग सुरुवात कशाने करू?

कवडसा

पालवी, डिसेंबर-जानेवारीत ओळखीच्या नर्सरीत कालिम्पाँगचे कंद येतात तेव्हा स्वतः जाऊन घे. हातात घेऊन बघायचा, वजनदार आणि घट्ट हवा, बूड दाबून बघायचं. मऊ लागलं तर ठेवून द्यायचा. कुंडी कंदापेक्षा दोन बोटंच मोठी, आणि लावताना निदान वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर. गळ्यापर्यंत पुरला की कुजलाच समज. लावल्यावर एकदा पाणी दे, मग दांडा किंवा पान दिसेपर्यंत अगदी बेताने.

देवरुखकर

मी कोकणातून लिहितोय. तुम्हा पुणेकरांचे फोटो बघून जीव हरखतो, पण आमच्याकडचा पाऊस या नव्या जातींना सोसत नाही, तेव्हा त्याबद्दलही लिहायला हवं.

आमच्या अंगणातली जुनी लाल लिली बारा महिने उघड्यावर असते आणि तिला काही होत नाही. पण डच कंद तसाच ठेवला की आषाढात पानांवर, दांड्यावर, कंदाच्या पापुद्र्यावर लाल चट्टे उठतात. ही स्टॅगोनोस्पोरा नावाची बुरशी. पानांवर पाणी उडालं की ती पसरते, दांडा चट्ट्याच्या जागी वाकतो आणि कळ्या वाया जातात. आम्ही जूनच्या आधी सगळ्या नव्या कुंड्या पडवीत घेतो, पाणी मातीलाच घालतो, आणि चट्टा दिसला की तेवढं पान कापून जाळतो, मग बुरशीनाशक मारतो.

दुसरी गोष्ट अळी. काळ्या अंगावर पांढरे-पिवळे ठिपके, पानाच्या मागे झुबक्याने. एका रात्रीत पान फस्त करते आणि मग कंदात शिरते. संध्याकाळी बॅटरी घेऊन पानं उलटून बघायची. लहान असतानाच वेचलेली बरी.

एवढं करूनही मी 'पॅपिलिओ' लावलंय आणि ते मानवलंय. ते मूळचं झाडावर वाढणारं, त्यामुळे नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडंसंच शेणखत एवढ्यात खूश आहे. त्याला इतरांसारखं पूर्ण सुकवायचं मात्र नाही, पानं वर्षभर हिरवी राहतात.

सोनटक्का

देवरुखकरदादा, सोडणाची युक्ती फार मोलाची. माझ्याकडे ते ऑर्किडच्या मिश्रणात आहे, आता सोडण घालून बघते.

ऑरेंजसिटी

नागपूरहून. आमची अडचण उलटी, पाऊस नाही, ऊन. मार्चच्या शेवटी फूल उघडलं आणि दुपारचं ऊन लागलं की पाकळ्यांच्या कडा करपून जातात. कळी रंगायला लागली की कुंडी पूर्वेच्या गॅलरीत हलवतो, फूल दोन-तीन दिवस जास्त टिकतं. फिकट रंगाच्या जाती, विशेषतः 'लेमन लाइम', सावलीतच खुलतात, उन्हात तो पोपटी रंग पांढरा पडतो. एप्रिल-मे पूर्ण शेडनेटखाली.

फूल येऊन गेलं की बरेच जण कुंडी कोपऱ्यात टाकतात. मला सर्वांत तळमळीने हेच सांगायचंय की खरं काम तिथूनच सुरू होतं. कंदाच्या आत साधारण चार पानांमागे एक दांडा तयार होतो. पावसाळ्यात जितकी जोमदार पानं निघतील तितके पुढच्या वर्षीचे दांडे. म्हणून जून ते सप्टेंबर खत द्या, निंबोळी पेंड आणि गांडूळखत पुरे, सोबत पालाश असलेलं काही. ऑक्टोबरपासून खत बंद, नोव्हेंबरात पाणी बंद.

धुक्यातलं_गाव

मी सध्या नेदरलँड्समध्ये असते, म्हणून इकडचं थोडं. इथे कंद विकताना त्याचा घेर सेंटिमीटरमध्ये लिहिलेला असतो, २६/२८, ३४/३६ असा. मोठ्या घेराच्या कंदाला दोन-तीन दांडे हमखास. फुलाच्या आकारावरून गटही पाडलेत. १६ सेंटिमीटरच्या वरचं 'गॅलेक्सी', १२ ते १६ 'डायमंड', त्याहून लहान 'कोलिब्री'. खेरीज 'स्पायडर' आणि 'ट्रंपेट' हे वेगळे गट. माझ्या मते घरात ठेवायला कोलिब्री सर्वांत गोड. फुलं लहान, पण दांडे जास्त, आणि खिडकीत कलंडत नाहीत.

इथे नाताळात मेणात बुडवलेले कंदही मिळतात, माती-पाणी काहीच लागत नाही. लोक फूल सरलं की फेकून देतात. मला ते बघवत नाही. मेण हळूच सोलून कंद मातीत लावला तर काही जगतात, मी जगवलेत.

फुलदाणीत ठेवायची रीत सांगते. दांडा पोकळ असतो. तो उलटा धरून आत पाणी भरायचं, कापसाचा बोळा लावायचा आणि मग फुलदाणीत सोडायचा. दांड्याचं टोक चिरून बाहेर वळू नये म्हणून खाली चिकटपट्टीचं एक वेटाळं. फुलं आठवडाभर ताठ राहतात.

दप्तरदार

या ताईंच्या पोस्टमुळे आठवलं. ज्याला आपण आणि बाजार अमॅरिलिस म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव हिप्पिअ‍ॅस्ट्रम. अमॅरिलिस ही दक्षिण आफ्रिकेतली वेगळी प्रजाती, हा निर्णय वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९८७ साली कायम केला. कंद मागवताना दोन्ही नावांनी शोधा, एवढ्यासाठी लिहिलं.

पायवाट

मी आजवर वाचनमात्र होतो. कुणी घरी संकर केलाय का? रीत सविस्तर लिहाल का?

सोनटक्का

पायवाट, हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय. आता सविस्तरच लिहिते.

आई म्हणून निवडलेलं फूल उमलत असतानाच त्याचे सहाही परागकोश चिमट्याने काढून टाकायचे, ते फुटून पिवळी पूड सांडायच्या आत. अमॅरिलिसमध्ये पराग आधी पिकतो आणि कुक्षी, म्हणजे पराग धरणारं मधल्या काडीचं टोक, नंतर, त्यामुळे तुम्हाला वेळ मिळतो. कुक्षीकडे रोज बघायचं. सुरुवातीला ती टोकाशी मिटलेली पांढरी काडी दिसते. एक-दोन दिवसांत तिला तीन फाटे फुटतात, ते मागे वळतात आणि वर किंचित चिकट ओल येते. तो क्षण. बापाचा परागकोश चिमट्यात धरून तिन्ही फाट्यांवर हलकेच टेकवायचा. सकाळी, दव गेल्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. दांड्याला दोरा बांधून त्यावर 'आई × बाप' आणि तारीख लिहायची.

जमलं असेल तर फूल गळतं आणि मागची हिरवी गाठ फुगायला लागते. महिना-सव्वा महिन्यात बोंड पिवळं पडून तीन भागांत उकलतं. आत काळ्या, कागदासारख्या चपट्या बियांच्या चळती. भरीव बी कोणतं ते उजेडासमोर धरलं की कळतं, मध्ये टपोरा ठिपका दिसतो. पाण्यावर तरंगत ठेवल्या तर दोन आठवड्यांत मूळ दिसतं, मग मातीत. पहिल्या वर्षांत रोपांना विश्रांती द्यायची नाही, सतत वाढू द्यायचं. फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. त्या रोपाचं पहिलं फूल तुमच्याआधी जगात कुणीही पाहिलेलं नसतं, यासाठी मी कितीही वर्षं थांबायला तयार आहे.

मृद्गंधदादांसाठी खास : डबल फुलाची कुक्षी बऱ्याचदा नीट तयार झालेली नसते, म्हणून डबलला आई न करता बाप करा. आतल्या पाकळ्यांच्या कडेला चिकटलेला पराग मिळतो, शोधावा मात्र लागतो.

दप्तरदार

यात एक भर. रानजातींची गुणसूत्रं बहुधा २२, तर मोठ्या बागायती जातींची ४४. अशा दोघांचा संकर धरलाच तर संतती ३३ची निघते आणि ती पुढे बी धरत नाही. पॅपिलिओ २२चं आहे आणि स्वतःच्या परागाने बीही धरत नाही, तेव्हा त्याला जोडीदार पाहूनच द्या. आपल्या देशात या विषयावर डॉ. त्रिलोकीनाथ खोशू यांनी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत, १९६०च्या दशकात मोलाचं काम केलं. भारतीय बागांमधल्या अमॅरिलिसची गुणसूत्रं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासली.

पायवाट

सोनटक्काताई, काका, शतशः आभार. माझ्याकडे 'पॅपिलिओ' नाही, पण आजोळहून आणलेली एक जुनी लिली आहे, लाल आणि प्रत्येक पाकळीवर पांढरी रेघ. तीच 'जॉन्सोनी' असेल का?

दप्तरदार

फोटो टाका. रेघ पाकळीच्या बरोब्बर मधून, टोकाकडे निमुळती होत जाते का, आणि फूल कर्ण्यासारखं आहे का, ते बघा. असेल तर शक्यता दाट आहे.

देवरुखकर

तसं असेल तर ती सोडू नका. पावसाला न जुमानणारी ताकद पुढच्या पिढीत उतरवायची तर अशाच जुन्या लिलीतून उतरेल. सोनटक्काताईंच्या रेघांच्या फुलाला आमच्या आषाढात उभं राहता आलं, तर कोकणातल्या प्रत्येक अंगणात ते लावता येईल.

सोनटक्का

दादा, मनातलं बोललात. पॅपिलिओचा पराग मी आज काढलाय. लहान कागदी पुडीत, ती डबीत, डबीत सिलिका जेल, आणि डबी फ्रीजमध्ये. असा तो काही आठवडे चांगला राहतो. तुमची लाल लिली एप्रिल-मेमध्ये फुलते, तोवर टिकेल. पायवाट, तुमच्याकडेही धाडते. दोघांनी निरोपातून पत्ता कळवा, सोमवारी पोस्टात टाकते. पुडीवर तारीख असेल. उघडल्यावर लगेच वापरा, दमट हवेत बाहेर ठेवू नका. आणि गुणसूत्रांचा हिशेब लक्षात घेऊन निदान तीन-चार फुलांवर लावा, एखादं तरी बोंड धरेल.